डायव्हर आप्पांचं अंगण

"साबन कोनता वापरतस तुम्ही?"

भाड्यानं घर देताना मालक काय काय विचारतात ते मला पाठ होतं. एकट्याच का, मांस-मच्छी खाता का, पाहुणे किती येतात. शहाद्याला बँकेत बदली होऊन आले तेव्हा भर चैत्रात मी घर शोधत हिंडत होते. त्या कॉलनीतल्या शेवटच्या फाटकाशी घामानं ओथंबून उभी राहिले, तर एक टक्कल पडलेला, खाकी शर्टातला माणूस फाटक न उघडताच मला साबणाचं नाव विचारत होता. मी सांगितलं. त्यानं मान हलवली. "तो चालाव नही." कपड्याची पावडर? तीही सांगितली. "ती ते आजिबात चालाव नही."

मी सांगलीकडची, तोंडानं फटकळ. म्हटलं, "अहो, मला खोली भाड्यानं हवीय. आंघोळीचं माझं मी बघीन की!"

तो माणूस मोठ्यांदा हसला. "मॅडम, तुमनी आंघोळनं पानी मन्ही केळले जास. तुमले चाली हो तो साबन. केळले चालाव नही." आणि मग फाटक उघडून म्हणाला, "मजार या, बठा. पहिले बठा, मंग भांडा."

मी आत पाऊल टाकलं आणि भांडायचं विसरले. खोटं नाही सांगत. मागे रस्त्यावर डोळे उघडवत नव्हते, चप्पल डांबराला चिकटत होती, आणि इथं फाटकाच्या आत अंगाची आग थांबली. पंखा नाही, कूलर नाही. वर झाडं, पायाखाली वाळलेल्या पाल्याचा जाड थर, भिंतीवर चढलेला वेल आणि कुठूनतरी येणारा ओल्या मातीचा वास. मी तिथल्या बाकड्यावर बसले. ते बाकडं म्हणजे भंगारातून आणलेलं एसटीचं सीट होतं, खिडकीचा गज अजून त्याला चिकटलेला. त्या दिवसापासून मी रिठ्यानं कपडे धुऊ लागले. भाडं किती, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

कॉलनी त्यांना डायव्हर आप्पा म्हणायची. उभी नोकरी एसटीत, त्यातली बरीचशी धडगावच्या घाटात. गाडीतून उतरून रिटायर झाले तरी बोलण्यातून गाडी काही उतरली नाही. अंगणातलं प्रत्येक झाड त्यांच्या लेखी पॅसेंजर. "हाऊ करंज धडगावना. हाई चारोळी तोरणमाळनी, भलती नाजूक, खिडकीजोडे जागा लागस. तो बहावा काठी गावले बठना व्हता." घाटात इंजिन तापलं की गाडी थांबायची, लोक पाणी प्यायला उतरायचे आणि आप्पा झाडाखालच्या बिया वेचायचे. जेवणाच्या डब्याचा वरचा कप्पा कायम बियांचा. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, मला सांगायच्या, "एक डाव मी लोनचं समजीसन तोंडमा टाकं. बहावानी बी व्हती वं माय!"

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. आप्पा गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, मन्ही सीटना बाजूले इंजिन राहे. अर्धा मी तठेच भाजायनू. उरेल अर्धा सावलीमा ठेवस."

त्यांना सगळं येत होतं असं मुळीच नाही. चुकायचे, आणि दणकून चुकायचे. टाकीजवळ उंबर लावला, तर मुळांनी टाकी फोडली आणि काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. माझ्या खोलीच्या पत्र्यावर थंडाव्यासाठी गिलक्याचा वेल चढवला. गारवा आला खरा, पण त्याच्यामागून तांबड्या मुंग्यांची फौज माझ्या पिठाच्या डब्यात आली. मी तावातावानं डबा त्यांच्यापुढे आपटला. आप्पांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ओव्हरलोड व्हई गयं." कुणीतरी झटपट वाढतं म्हणून सुबाभूळ दिली, ती इतकी माजली की इतरांना जागा उरेना. ती मात्र त्यांनी स्वतः मुळासकट उपटली. "बिगर तिकीट बठनी व्हती," म्हणाले. चुकलं की लपवायचे नाहीत. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे.

पण जे जमलं होतं ते असं जमलं होतं की मी रोज बघायची आणि रोज थक्क व्हायची. अंगणात सिमेंट म्हणून नव्हतं. छपराचं पाणी पन्हाळीतून दगडगोट्यांच्या खड्ड्यात जायचं आणि जमिनीत मुरायचं. मोरीचं पाणी वाळूतून गाळून कर्दळीला आणि केळीला. गळालेलं पान जिथं पडेल तिथंच राहायचं. झाडूला अंगणात मनाई होती. काकूंनी पुष्कळ वर्षं भांडून तुळशीपासून दारापर्यंतची एक पट्टी झाडायचा हक्क मिळवला होता, आणि त्या ती पट्टी दिवसातून दोनदा, दात ओठ खाऊन झाडायच्या. आणि घराच्या पश्चिमेला, कुंपणाशी, तीन जांभळं. घरावर खरा मारा उतरत्या उन्हाचा, तो ही तीन झाडं छातीवर घ्यायची. वैशाखातही संध्याकाळी माझ्या खोलीच्या भिंतीला हात लावला तर हात भाजायचा नाही.

ऊन मोजायला आप्पांकडे यंत्रबिंत काही नव्हतं. टक्कल होतं. भर दुपारी ते बोडक्यानं शेजारच्या वकीलसाहेबांच्या फरसबंद अंगणात जायचे, थोडा वेळ उभे राहायचे, परत येऊन करंजाखाली उभे राहायचे आणि जाहीर करायचे, "तठे भाकर भाजाई जाई. आठे लोनी टिकी." वकीलसाहेबांनी एका वर्षी अंगणात प्लॅस्टिकची हिरवी लॉन अंथरली. आप्पा मुद्दाम बघायला गेले. वाकले, हात फिरवला, भाजला तसा झटकला आणि खऱ्या काळजीनं विचारलं, "वकीलसाहेब, याले पानी लागस नही, माटी लागस नही, सावली लागस नही. मंग हाऊ जगस कसाले?" वकीलसाहेब पुढे महिनाभर आमच्या फाटकावरून मान वळवून जात.

कॉलनीची तक्रार ठरलेली. पाल्यानं साप येतात, मच्छर होतात, कचरा दिसतो. आप्पा ते कानाआड करायचे. त्यांना लागायचं ते एकाच माणसाचं बोलणं. ते म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं.

ती नंदुरबारला एका दवाखान्यात नर्स होती, रोज बसनं जाऊन येऊन. हुशार, नीटनेटकी, कपड्याला सुरकुती चालायची नाही. माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायची. "तुम्हाला कौतुक वाटतं मॅडम, कारण तुम्ही भाड्यानं आलाय. मी इथं वाढले. मैत्रिणी घरी आल्या की विचारायच्या, तुमच्याकडे झाडू नाही का गं?" फाटकातून आत येताना ती पावलं उचलून टाकायची, पाल्याला पाय लागू नये म्हणून. आप्पा सीटवर बसून ते बघायचे. एकदा मला म्हणाले, "कॉलनीले जे म्हनानं ते म्हनू दे. पन मन्ही आंडेरनी एक डाव तरी म्हनाले पाहिजे, आप्पा, आपलं आंगन चांगलं शे. बस. बाकी मले काही नको."

तिचं लग्न खांडबाऱ्याच्या मुलाशी ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. तिला हॉल हवा होता, गार हवेचा. आप्पांना लग्न अंगणात हवं होतं. "आखाजीचा, अक्षय तृतीयेचा टाइम, एवढं ऊन! होणाऱ्या सासऱ्यांची बायपास झालीय," ती माझ्या खोलीत येऊन कळवळून सांगत होती. "ते इथं चक्कर येऊन पडले तर मी त्या घरात जन्मभर कोणत्या तोंडानं राहू?" तिचं काही चुकत होतं असं मला वाटेना. आप्पांचंही चुकत होतं असं वाटेना. चार-आठ दिवस घरात भांड्यांचेच आवाज. शेवटी आप्पा तिच्यापुढे जवळजवळ हात जोडून उभे राहिले. मुहूर्त गोरज, म्हणजे उतरतं ऊन, आणि उतरत्या उन्हाला त्यांच्याकडे तीन जांभळं होती. मांडव त्यांच्या सावलीत घालायचा. ती म्हणाली, "ठीक शे. पन त्यासले काही व्हयनं ना आप्पा, ते मी तुमनाशी कधी बोलाव नही." बाप-लेकीतलं बोलणं त्या जांभळांवर येऊन ठेपलं होतं.

लग्नाला दोन दिवस उरले होते. त्या दिवशी मांडव घालायचा होता. मांडवावर हिरवे डहाळे लागतात, आणि ते जावयानं आणायचे, हा त्यांच्याकडचा मान. घरचा जावई अजून व्हायचा होता, म्हणून मान भाचेजावयाचा. तळोद्याचा गडी, धिप्पाड, हौशी, ट्रॅक्टर घेऊन आलेला. रानातून डहाळे आणायचे, बेंजोच्या तालावर वाजत गाजत फाटकाशी यायचं, आणि सासऱ्यानं कुंकू लावून टॉवेल-टोपी देऊन त्याला आत घ्यायचं, अशी रीत.

सकाळी आप्पा पळसाच्या पत्रावळी आणायला म्हसावदला गेले होते. आम्ही बायका आत हळदीच्या गडबडीत. बाहेर बेंजोवाल्यांनी तालीम म्हणून जो दणका लावला होता त्यात शेजारी भूकंप झाला असता तरी कळलं नसतं. आणि जावईबापूंनी विचार केला की रान लांब आहे, ऊन चढतंय, आणि मामांच्या दारात एवढी भरगच्च जांभळं उभी आहेत. बाहेरच्या डहाळ्यांपेक्षा घरचे डहाळे शुभच की! त्यांनी कोयते काढले. तिन्ही जांभळं बुंध्यापर्यंत छाटली, ट्रॉली शिगोशिग भरली, आणि मान म्हणजे मान, म्हणून ट्रॅक्टर फाटकातून बाहेर काढून कॉलनीभोवती मिरवत फिरवून पुन्हा फाटकाशी आणला.

नेमके त्याच वेळी आप्पा रिक्षातून उतरले. ट्रॉली बघून खूश झाले. पत्रावळींचा गठ्ठा खाली ठेवून बेंजोपुढे दोन हात वर करून नाचलेसुद्धा. "क्या बात शे जवाईबापू! इतला हिरवा माल कोठेन लयनात?"

"कोठेन काय मामा, घरनाच शे!" जावई ट्रॉलीवरून छाती काढून म्हणाला.

आप्पांनी फाटकातून आत पाहिलं. घराच्या पश्चिमेला जिथं कधी आभाळ दिसलं नव्हतं तिथं लख्ख उजेड होता. तीन खुंट उभे होते. आप्पांचे वर केलेले हात हळूहळू खाली आले. बेंजोवाल्याला काही कळलं नव्हतं, तो वाजवतच होता. काकू दारात कुंकवाचं ताट घेऊन उभ्या. मला तर वाटलं, आता हा माणूस जावयाच्या नरडीला हात घालणार. घालायलाच हवा होता. मी असते तर घातला असता, मग मान गेला खड्ड्यात.

आप्पा पुढे झाले. बोट कुंकवात बुडवलं, जावयाच्या कपाळाला लावलं. टिळा वाकडा झाला, तर अंगठ्यानं नीट पुसून पुन्हा लावला. डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, नारळ हातात दिला. मग दोन्ही हातांनी त्याला पोटाशी धरलं. "भारी वझं लयनात बापू. थकनात व्हशात. मजार चाला, पानी प्या." त्यात टोमणा नव्हता हो! मी जवळ उभी होते, मी त्यांचा चेहरा बघितला. घरी मान घेऊन आलेला माणूस होता, त्याच्या मानाला लग्नघरात गालबोट लागू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. मी आजवर पुष्कळ मोठी माणसं बघितली, साहेब बघितले, भाषणं ऐकली. त्या टोपी देणाऱ्या हातांइतकं मोठं मी काही बघितलेलं नाही. (जांभूळ जात चिवट. पावसाळ्यात तिन्ही बुंध्यांना फुटवे आले आणि आता ती पुन्हा पत्र्याच्या वर गेलीत. पण त्या दिवशी हे कुणाला माहीत होतं?)

पाहुणे जेवायला बसल्यावर आप्पा मागे जाऊन त्या खुंटांपाशी बसले. दुपार कलायला लागली आणि ऊन आडवं होऊन थेट मांडवाच्या जागेवर, भिंतीवर, खिडकीवर आदळलं. लेक येऊन उभी राहिली. तिनं मघाचं सगळं दारातून बघितलं होतं. आप्पांनी वर न बघताच सांगितलं, "बेटा, हॉल देखस मी. तू म्हने तेच खरं व्हतं. आठे आते काही ऱ्हायनं नही."

ती मांडवाच्या जागेत इकडून तिकडे चालली, पाल्यातून, पाय न उचलता. मग म्हणाली, "आप्पा, सकायले आठे घरनी सावली पडस. दुपारलोंग ऱ्हास."

आप्पांनी मान वर केली.

"मी लहानपने आठेच चटई टाकीसन अभ्यास करू," ती म्हणाली. "सावली सरके तशी चटई सरकाडू. सकायले आठे, दुपारले करंजखाले, संध्याकायले तठे. मले समदं माहीत शे. लगीन सकायले लावूत. दुपारलोंग घरनी सावली, आनि मंग डोकावर जांभूळना डहाळा शेतच ना!"

भटजींनी पंचांगात सकाळचा मुहूर्त काढून दिला. पण मुलाकडच्यांना कोण सांगणार? मुहूर्त बदला म्हणायचं, तेही दोन दिवस आधी, म्हणजे त्यांनी पहाटेच खांडबाऱ्याहून वऱ्हाड काढायचं. आप्पांची जीभ उचलेना. तेव्हा नवरी मुलीनं स्वतः फोन उचलला आणि सरळ होणाऱ्या सासऱ्यांना लावला. काकू "माय वं!" म्हणून मटकन खालीच बसल्या. ती म्हणाली, काहीही लपवाछपवी न करता, "बाबा, आमच्या झाडांच्या फांद्या तुटल्या. संध्याकाळी इथं ऊन येईल, तुम्हाला त्रास होईल. सकाळी लग्न लावू या? तुम्हाला पहाटे निघावं लागेल. मी तुमच्याकडे हे मागतेय, आप्पा नाही." पलीकडून काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती म्हणाली, "ते म्हणाले, त्यांना पहाटेच बरं पडतं." आप्पांनी खाकी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, उठले आणि मांडववाल्यांवर ओरडायला लागले. "डहाळा जाड टाका रे! जांभूळ आज नवी रूटले लागनं शे!"

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड आलं. घराची सावली मांडवभर पसरली होती आणि वर जांभळाच्या पानांचं गच्च छत. लोक आत यायचे, बोलता बोलता थांबायचे आणि वर बघायचे, जशी मी पहिल्या दिवशी थांबले होते. तळोद्याचे जावईबापू टोपी घालून प्रत्येकाला सांगत होते, डहाळे मी आणले. आणि आप्पा शेजारी उभे राहून मान डोलवत होते, "हा, त्यासनीच लयना."

लग्न लागलं, पंगती बसल्या, सूर्य डोक्यावर आला. तेवढ्यात बायकांत गलका झाला. नवऱ्यामुलाचे वडील बूट काढून, पाल्यात पाय पसरून करंजाच्या बुंध्याला टेकले होते, आणि त्यांची मान छातीवर पडली होती. हाक मारली तर ओ नाही. आप्पांचा चेहरा पांढराफटक. नवरी मुंडावळ्यांसकट धावली, गुडघ्यावर बसली, मनगट धरलं. तिनं त्यांच्या तोंडाजवळ कान नेला, क्षणभर थांबली आणि खुदकन हसली. "घोरी ऱ्हायनात!" मग जो हशा पिकला त्यानं सासरेबुवा जागे झाले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "काय व्हयनं? बायपासनंतर दुपारले झोपच लागे नही मले. आज लागनी व्हती, तुम्ही उठाडं." आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

पाठवणी व्हायला उन्हं कलली. जांभळाच्या मोकळ्या जागेतून ऊन सरळ फाटकापर्यंत आलं होतं. रस्त्यावर फुलं लावलेली गाडी चालू होती, सासरकडचे घाई करत होते. ती आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्या गळ्यात पडली आणि मग आप्पांसमोर आली. मला वाटलं, वाकून नमस्कार करील आणि जाईल. ती वाकली नाही. सगळ्यांच्या देखत, सासरच्या माणसांच्या देखत, मोठ्यांदा म्हणाली, "आप्पा, आपलं आंगन चांगलं शे. पहिलेपासून चांगलं व्हतं. मीच म्हने नही."

आप्पांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती गाडीत बसली, दार लागलं, गाडी निघाली. वळणावर तिचा हात खिडकीबाहेर हलला आणि दिसेनासा झाला. लोक आत वळले. आप्पा मात्र रस्त्यात, बोडक्यानं, त्या आडव्या उन्हात उभे. काकू म्हणाल्या, "चाला ना आते." ते हलेनात. म्हणून मी गेले आणि दंडाला हात लावला.

"मॅडम," ते म्हणाले, "उभी जिंदगी गाडी मीच काढी. स्टँडवर मांगे लोके उभा ऱ्हाती, हात हालाडती, मी आरसामा देखू आनि गिअर टाकू. मले वाटे, गाडी गयी का हाई लोके लगेच घर जात व्हतीन."

रस्ता मोकळा होता तरी ते तिकडेच बघत होते.

"घर जाववस नही व्हो," ते म्हणाले.